स्क्रीन तीनच्या जागेवाल्याला गाऱ्हाणं

लालबाग, मुंबई

मानकरी श्रीमान लवू गावकर यांना त्यांच्या थोरल्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (धाकट्या भावाला नमस्कार लिहिताना हात अडखळतो, पण भाऊबीजेलाही तू फोन उचलला नाहीस, तेव्हा मधल्या काळात वयाने माझ्याहून मोठा झाला असशील असं धरून चालते.) तुझा गुडघा कसा आहे? लसणीचं तेल लावतोस की नुसतं कपाटात ठेवून त्याच्याकडे बघतोस? सुंदराबाईची खोकल्याची उबळ थांबली का? थांबली असावी, कारण परवा तिने फोनवर एका दमात सगळं सांगितलं. म्हणाली, "बाय, ह्यांचा निरोप आहे. ह्या वर्षी जत्रेला ओटी भरायला येऊ नका. गाऱ्हाणं घालायचा मान गावकरांच्या पुरुषाचा, आणि तुम्ही तो मुंबईत एका खेळण्यासाठी उधळलात." आणि मग खाली आवाजात, "पण बाय, व्हिडिओत काय झ्याक दिसताय हो!"

तर लवू, ती ओटी मी लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलेली नाही. गिरणीचा संप असताना चुकवली नाही, विक्रांतच्या वेळी पोट एवढं असताना चुकवली नाही. ती तू निरोपावर बंद करणार असशील, तर झालं काय ते एकदा माझ्या हातचं वाच. मोबाइलवर फिरतोय त्या व्हिडिओत अर्धंच आहे.

विक्रांतला तू ओळखतोस, पण पुरता ओळखत नाहीस. विम्याच्या कंपनीत मोठा साहेब आहे, डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी त्याच्या कपाटात वरच्या खणात एक चावीचा शिपाई आहे. लोखंडी नाही, प्लास्टिकचा, पण रंग लोखंडाचा. नाव कॅप्टन खटका. पाठीत चावी, चावी फिरवली की चालतो. म्हणजे चालत असावा, कारण तो खोक्यातून कधी बाहेर आलेलाच नाही. उर्वीने (माझी नात, चौथीत आहे) एकदा मागितला तर हा ओरडला, "खोकं उघडलं की त्याची किंमत जाते!" आता मला सांग, खेळलं की ज्याची किंमत जाते ते खेळणं कसलं? आमच्या कादंबरीने (सून, तिची जीभ तुला माहीत आहे) त्या खोक्यासमोर उदबत्ती लावून ठेवली होती एक दिवस. विक्रांतला वाटलं मीच लावली.

तर ह्या कॅप्टन खटक्याचा सिनेमा आला. इंग्रजी, पण आपल्यासाठी हिंदीत बोलतात. विक्रांत म्हणाला, "उर्वीला दाखवायला नेतो." उर्वी म्हणाली, "मला नको, मला चित्रकलेचा क्लास आहे." तिचा क्लास बुडवून तिला तिच्यासाठी नेलं. कादंबरी म्हणाली मी येत नाही, मला घरीच एक खटका आहे. मग तिच्या तिकिटावर मी.

थेटर कुठे, तर तुझे भावोजी गिरणीच्या ज्या खात्यात साचे चालवायचे तिथेच. आता तिथे काचेचा मॉल आहे. दारातच तो शिपाई उभा केलेला, तीन माणसांएवढा, आणि त्याच्यासोबत फोटो काढायला रांग. लवू, त्या रांगेत पोरं नव्हती रे. पोरं कंटाळून बाजूला जमिनीवर बसली होती आणि रांगेत सगळे बाप. पोटं सुटलेले, ऑफिसचे पट्टे गळ्यात, आणि एकेक जण शिपायाच्या गुडघ्याला असा हात लावत होता जसा आपण तुळशीला लावतो. एकाला मी विचारलं, काय रे बाबा, एवढं काय आहे ह्याच्यात? तो म्हणाला, "आजी, लहानपणी शेजारच्याकडे होता. मला हात लावू दिला नाही." मी म्हटलं, बरं बरं, लाव हो. आता समजलं मला हे एवढे कोटी कोटी घालून सिनेमे का काढतात. शेजारच्या पोराने हात लावू न दिलेले जगात किती असतील, त्यांचा हिशेब केला की पैसे वसूल.

आत अंधार. काळा चष्मा देतात, तो आपल्या चष्म्यावर घालायचा. (माझा सारखा नाकावरून पॉपकॉर्नमध्ये पडत होता. पॉपकॉर्न म्हणजे मक्याच्या लाह्या. भाव लिहीत नाही, तुझं ब्लडप्रेशर आहे.) आणि गोष्ट काय, तर जग बुडायला आलंय. हे जग दर वेळी अमेरिकेतच बुडतं, आपल्याकडे कधी कोण बुडवायला येत नाही. डॉक्टर चुंबक नावाचा राक्षस आहे, तो सगळं लोखंड ओढून घेतो, गाड्या, पूल, आगगाड्या, आणि तीन शिपाई त्याला अडवतात. तिन्ही शिपाई बाहेर दुकानात विकायला होते. राक्षसही होता. राक्षस ज्या गाडीवर बसतो ती गाडी वेगळी घ्यावी लागते. मध्यंतरात दिवे लागले तर तीच माणसं, तेच आवाज, तोच शिपाई समोर उड्या मारतोय. मी उर्वीला म्हटलं, सिनेमा पुन्हा सुरू झाला वाटतं. ती म्हणाली, "आज्जी, ही जाहिरात आहे." मग आधी काय होतं? "ती पण."

पण लवू, खोटं कशाला सांगू, मला लय आवडला! मारामारी म्हणजे काय मारामारी! तू म्हणशील बाय चळली. पण आपला दशावतार आठव. राक्षस येतो, धुरळा उडतो, तलवार घेऊन गोल गोल फिरतात, राजा कोण, कुठला, कशासाठी भांडतोय हे पहाटेपर्यंत कोणाला कळत नाही, तरी आपण गोणपाटावरून उठतो का? हे तेच. फक्त पेटी-मृदंग नाही आणि राक्षस मध्येच विडी ओढायला पडद्यामागे जात नाही. आणि इमारती कशा पडतात! शिपायाने एक लाथ मारली की सात माळे खाली. आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट इतकी वर्षं कागदावर अडलंय, मला तर वाटलं ह्यालाच बोलवावं, निदान पाडायचं काम तरी होईल. मी मोठ्याने म्हटलं तसं. पुढची रांग हसली. तिथूनच जरा माझी भीड चेपली असावी.

आता मुद्द्याचं. शेवटाला कॅप्टन खटक्याची चावी संपते. चुंबकासमोर एकटा उभा असतो आणि हात वर करता करता थांबतो. आडवा पडतो. डोळ्यातला दिवा विझतो. गाणं नाही, बाजा नाही, एक छोटी पोर त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. मी बाजूला बघितलं तर विक्रांत रडतोय. माझा मुलगा, ज्याला बाप गेला तेव्हा फॉर्म भरता भरता रडायला वेळ मिळाला नाही, तो प्लास्टिकच्या शिपायासाठी ढसाढसा. मी विचारलं काय झालं रे? म्हणाला, "डोळ्यात काहीतरी गेलं." दोन दोन चष्म्यांच्या आत!

लवू, पोर रडत असताना आईला दुसरं काय येतं सांग. आपल्या घरात कोण आडवं पडलं, कोणाची परीक्षा आली, म्हैस अडली, की बाबा उठून उभे राहायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. मला दुसरं औषधच माहीत नाही. मी उठले. काळा चष्मा काढला, पदर घेतला, हात जोडले. आधी ती जागा राखणाऱ्या जागेवाल्याचं नाव घ्यायचं असतं ते बरोबर आठवलं, पण तिथला जागेवाला कोण मला काय ठाऊक? तिकिटावर लिहिलेलं तेच म्हटलं. "बा देवा रवळनाथा, आणि ह्या स्क्रीन तीनच्या जागेवाल्या म्हाराजा..."

आणि मागून, वरून, अंधारातून कोणीतरी एकदम खड्या आवाजात, "होय म्हाराजा!"

अंगावर काटा आला रे. (तो कणकवलीचा टॅक्सीवाला निघाला, नंतर भेटला.) मी म्हटलं, "ह्यो जो चावयेचो शिपाय तुझ्या पायाकडे आडवो पडलो हा, तेच्या पाठीची चावी तू फिरव म्हाराजा!" आता दहा-पंधरा आवाज, होय म्हाराजा. "तेच्या आड जो कोण चुंबक्या येयत, तेका वाटेक लाव म्हाराजा!" लवू, अर्धं थेटर! लालबागचं थेटर ते, दर तिसऱ्या खुर्चीत आपला माणूस. गुजराती होते तेही दुसऱ्या वेळेपासून म्हणायला लागले. आणि तेवढ्यात पडद्यावर त्या पोरीने दोन्ही हात चावीला लावले आणि, खट! शिपाई उठला. मग जो गोंधळ झाला तो व्हिडिओत आहेच, शिट्ट्या, लाह्या उडाल्या, विक्रांत खुर्चीवर उभा. टॉर्चवाला धावत आला, मला म्हणाला, "आजी, बसून घ्या, बाकीच्यांना त्रास होतो." मग वाकून हळूच, "आजी, मी देवगडचा. माझ्या नाइट ड्यूटीचं पण जरा सांगा की."

तेव्हा हे असं झालं. तू म्हणतोस देवाला खेळण्यासाठी त्रास दिला. गेल्या वर्षी वाडीच्या क्रिकेटच्या टीमसाठी नवी बॅट पुढे ठेवून तू गाऱ्हाणं घातलंस ते काय होतं? तेही खेळणंच. आणि टीम पहिल्या फेरीत घरी आली. माझा शिपाई उठला. तुझा राग मानाचा आहे की ह्याचा आहे, हे गुडघ्याला तेल लावताना शांतपणे बघ. दुसरं, त्या मॉलच्या दुकानवाल्याने मला शनिवारी शिपायाशेजारी उभं राहून तेच पुन्हा म्हणायला बोलावलं होतं, साडी देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. मान मला पण कळतो.

चाळीत मला आता होय म्हाराजा आजी म्हणतात. उर्वी तेवढी नाराज आहे, म्हणते सगळ्यात चांगलं काम पोरीने केलं, तिने चावी फिरवली, आणि तिचंच खेळणं दुकानात नाही. मी शोधलं. खरंच नाही. हे मला सिनेमातल्या राक्षसापेक्षा जास्त लागलं.

सुंदराबाईला आशीर्वाद, पोरांना पापे. तुला काय द्यायचं ते तू फोन उचललास की ठरवीन.

तुझी
बाय

ता. क. विक्रांतने जत्रेची आमची तिकिटं काढली आहेत. विचारून नाही, काढून सांगते आहे.

ता. क. खोकं उघडलं! परवा रात्री विक्रांतने स्वतः. शिपाई चालत नाही. चावी फिरते, पाय हलत नाहीत, जन्मापासून बिघडलेला होता. तरी दोघं बापलेक त्याला हातात धरून घरभर चालवतात आणि तोंडाने खटखट करतात.

ता. क. एक राहिलं. गाऱ्हाण्याच्या शेवटाला नवस बोलायचा असतो आणि फेडणाऱ्याचं नाव घ्यायचं असतं. ते शिट्ट्यांत बुडालं, व्हिडिओत नाही, पण टॅक्सीवाला साक्षीला आहे. माझ्या कानात लहानपणापासून आधी बाबांचं आणि मग तुझंच नाव बसलेलं, तोंडातून तेच गेलं. "लवू गावकर येवन पाच नारळ आणि मोठो कोंबडो देतलो म्हाराजा." सगळे होय म्हाराजा म्हणाले. मान पुरुषाचा असं तूच म्हणतोस, म्हणजे नवसही रीतसर तुझ्याच गळ्यात आहे. तेव्हा ह्या जत्रेला देवासमोर उभं राहायची चोरी माझी नाही, तुझी आहे. मी ओटी घेऊन येतेच, तू कोंबडा घेऊन ये. गुरव विचारील कोणासाठी, तर सांग, बायच्या ओळखीतला एक शिपाई आहे, मुंबईला असतो.