ट्रामचा सांधा बदलणारे आप्पा

आप्पा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आता या वयात मी लेखिका झालेय हे ऐकून तुम्ही पोट धरून हसाल. पालघरच्या एका साप्ताहिकात वर्षभर मी मुंबईच्या ट्रामवर लिहितेय. कोळगावच्या कचेरीत रांगेत उभी होते, वेळ जावा म्हणून पुढच्या बाईंना ट्रामच्या गोष्टी सांगत होते, आणि मागे नेमके त्या साप्ताहिकाचे संपादक. त्यांनी तिथंच मला धरलं. चार लेखांत आटपेल म्हटलं होतं, पण शेपूट वाढतच गेलं. बेटेगावच्या एका बाईंनी पत्रातून विचारलं, "वीज गेली की ट्राम मधेच उभी राहायची का हो?" बोईसरच्या बाजारात भाजीवाला म्हणाला, "मॅडम, एक बार हमको भी ट्राम में बिठाओ ना," आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली. एवढं कौतुक पचवणं सोपं नाही, पण मी पचवलं.

लोकांना सगळ्यात आवडलात ते तुम्ही. पहिल्याच लेखात मी लिहिलं होतं, माझे वडील ट्राम चालवत. उभ्यानं गाडी हाकणारे, पायानं घंटा ठणठणवणारे. मग दर लेखागणिक तुम्ही थोडे थोडे रुबाबदार होत गेलात. दिवाळीपर्यंत तर मी तुम्हाला मिशासुद्धा देऊन टाकल्या.

मध्यंतरी शिरगावचे एक म्हातारबुवा काठी टेकत घरी आले, हातात सुक्या बोंबलांची पुडी. मुंबईची ट्राम बंद झाल्यावर तुम्ही इथल्या कारखान्यात लागलात, तिथं ते तुमच्याच पाळीत होते म्हणे. चहा झाल्यावर म्हणाले, "बाय, लिवतेस चांगलं. पन तुजा बापूस डायवर नवता. पहार घेऊन रस्त्यात उबा रवायचा, रूळ बदलायचा. आमाला रोज सांगायचा, छाती फुगवून."

"छाती फुगवून?"

"तर काय! म्हनायचा, डायवर नुसता जातो, वळवतो मी."

ते गेले आणि आपलं बोईसरचं पहिलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. खोली एवढीशी. आई भाकरी थापतेय, आत्या कळशी घेऊन आत येतेय, मी पाटी घेऊन बरोबर मध्ये बसलेय, आणि तुम्ही दारात उभे राहून हात करताय, "कळशी आधी. भाकरी थांब. पोरी, तू बाजूला हो." आई वैतागून म्हणते, "हे घर आहे, नाका नाही." त्याच खोलीत चौथीतला माझा निबंध वाचून तुम्ही दम दिला होतात. "चालवत नव्हतो. सांधे बदलत होतो. खोड ते." मी मान डोलावली आणि खोडलं नाही. तुम्ही वही पुन्हा मागितली नाहीत.

आता सगळे मला ट्राम ड्रायव्हरची लेक म्हणून ओळखतात. ते सोडायचं अगदी जिवावर आलं. चार दिवस घरात माझी नुसती चिडचिड, बोंबीलसुद्धा गोड लागेनात. शेवटी वर्षाच्या शेवटच्या लेखात खरं काय ते लिहून टाकलं. संपादक म्हणाले, "राहू द्या की ताई, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, छापा. वाटलं होतं लोक नावं ठेवतील, झालं भलतंच. पहार किती जड असायची? पावसात सांध्यात चिखल भरला तर? ट्राम चुकीच्या रुळावर गेली तर बोलणी कोण खायचं? पत्रांवर पत्रं येताहेत आणि मला एकाचंही उत्तर येत नाही. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी ऐकलंच नाही, आप्पा. त्याचं फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र लेखात घातली नाही. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून इथं सांगते. मी सात वर्षांची, आईबरोबर ट्राममध्ये. शेजारी नव्या फ्रॉकातली एक मुलगी, ती विचारते, तुझे वडील काय करतात? ट्राम सांध्यापाशी थांबलीय. तुम्ही उन्हात वाकलाय, सदरा पाठीला चिकटलाय. मी बोट करते ते ड्रायव्हरकडे. तेवढ्यात तुम्ही वर बघता, मी दिसते, पहार एका हातात धरून दुसरा हात उंच हलवता. ती मुलगी विचारते, "तो कोण?"

मी म्हणते, "माहीत नाही."