न आलेल्याचा वाटा

३ मार्च
प्रस्ताव परत आला. पहिल्या खेपेस भूगर्भवाले म्हणाले, यात वनस्पतीच फार. दुसऱ्या खेपेस वनस्पतीवाले म्हणाले, ही तर मातीची कामं. म्हणून यंदा अनेक शास्त्रं जोडणाऱ्या 'धाडसी' संशोधनाला निधी देणाऱ्या योजनेत पाठवला. धाडस काय, तर गावतळ्यात नळी रोवून गाळाचे थर काढायचे. थर मी वाचणार, त्यातले परागकण वनस्पतीशास्त्राच्या रामटेके मॅडम. जंगल कधी हटलं, धान कधी आलं, सगळं त्या गाळात आहे.
या वेळी नकार नाही, त्रुटी. 'स्थानिक भागीदाराचं योगदान' या रकान्यात मी निरंक लिहिलं होतं. कॉलेजातल्या तक्त्यांनी लावलेली सवय. दुरुस्तीला महिनाअखेरची मुदत.

९ मार्च
तळ्यावर गेलो. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष शेवंताबाई सहज बोलून गेल्या, पाणी उतरलं की जेसीबी लागणार, गाळ काढायची मंजुरी आली. गाळ निघाला तर पाणी टिकेल, मासोळी वाढेल. विरोध कोणत्या तोंडानं करू? पण निधी आला तर पावसाळ्यानंतर, आणि आज हाताशी ना नळी ना तराफा. तोवर थर कुणाच्या तरी धानाच्या बांधीत पसरलेले असणार.
"त्या गाऱ्यात काय पाह्यता जी सर?"
सांगितलं.
"मंग आमाले काऊन नाई विचारलं? वरचा गारा काळा, खालचा पांढरा, मंधात राखेचा पट्टा हाये. काठी टोचली का समजते."
राखेचा पट्टा! तीन वर्षं या तळ्यावर प्रस्ताव लिहितोय. लाज वाटली.

१७ मार्च
त्या रकान्यात 'पारंपरिक ज्ञान' लिहिलं, खोडलं. सगळेच लिहितात. रा. मॅडम म्हणाल्या, "सोसायटीलाच विचारा ना." रविवारी बैठक, बोलायची परवानगी मिळाली.

२२ मार्च
बैठक काठावरच. आधी मासोळीचे वाटे पडले, घरटी एक. एक वाटा तसाच उरला. कुणाचा, विचारलं.
"न आलेल्याचा. कोनी बिमार असते, कोनी बाळतीन."
मग मी उभा राहिलो. खोदाई वर्षभर थांबवा म्हणालो. नाही म्हणाले, सरळ. त्यांचं बरोबरच होतं. वही पिशवीत घातली. तेवढ्यात शेवंताबाईंनी पळसाकडचा कोपरा दाखवला.
"थांबत नाई जी. पन तेवढा कोपरा नाई खनत. तुमचा पैसा अजून नाई आला ना? मंग न आलेल्याचा वाटा समजा."
"सरले बी बाळतीन समजा," मागून कुणीतरी. सगळे हसले, मीही.
ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये डोळे भरून आले. शेजाऱ्याला धूळ म्हणून सांगितलं.

२९ मार्च
रकाना भरला: 'तळ्याचा एक कोपरा.' रा. मॅडमना वाटतं, जरा शासकीय भाषा हवी. नको. पाठवला.

१९ मे
खोदाई झाली. कोपरा शाबूत! चार खुंट्या, भोवती जुनं जाळं, उन्हानं तडकू नये म्हणून वर धानाची ओली तणस. कापलेल्या बाजूला राखेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, बोटभर जाड. हुश्श. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ जुलै
पत्र आलं. पुढच्या फेरीसाठी निवड. मुलाखत, भागीदारासह. लगेच तळ्यावर गेलो. पाणी चढलंय, खुंट्यांची टोकं तेवढी वर. कोपरा खाली आहे, एवढं पुरे.
शेवंताबाई यायला तयार. "पन नाई देल्ला पैसा, तर?"
पुन्हा प्रस्ताव पाठवीन म्हणालो.
"पुढच्या साली बी ठेवतो वाटा. पन तुमी येत जा. वाटा न आलेल्याचा असते, न येनाऱ्याचा नाई."
येतो म्हटलं.