नारळ समुद्राला पोचू नये म्हणून

अण्णा, तुमचा ओळंबा मी स्वयंपाकघरात टांगलाय. घाबरू नका, भिंत बांधत नाहीये. आईची धान्याची कोठी असायची ना ओट्यासमोर, तिथे आता एक मशीन उभं आहे आणि ओळंबा त्याच्या पोटात लटकतोय. पिनबॉल म्हणतात त्याला. तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. उतरतं टेबल, वर काच, काचेखाली स्टीलची गोळी आणि अगदी खालच्या टोकाला दोन पाती. गोळी वरून घरंगळत येते, वाटेत इथे आपटते, तिथे आपटते, दिवे लागतात, आकडे चढतात. ती खाली आली की बटण दाबून पात्याने तिला परत वर मारायची. दोन पात्यांच्या मधून निसटली की खेळ खलास. या वयात लोक कुंड्यांत तुळस-गवती चहा लावतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात, मी हे धंदे करतोय. वागळे इस्टेटमधली आमची कंपनी गुजरातला गेली, मी गेलो नाही. जन्मभर कंट्रोल पॅनल जोडलेले हात रिकामे बसत नाहीत, एवढंच त्याचं कारण मी लोकांना सांगतो.

खरं कारण तुमचा नारळ आहे, तुमच्या गोष्टीतला. माझं लग्न झालं नाही हे तुम्हाला माहीतच आहे, तेवढ्यावरून आई माझ्याशी शेवटपर्यंत फुगून होती. त्यामुळे गोष्ट सांगावी असं घरात कोणी नाही. आणि ती गोष्ट तुम्ही कुठे ऐकलेली नव्हती, वाचलेली तर नाहीच, तुमची तुम्हीच रचलेली. एका दुपारी भांडी घासता घासता माझ्या मनात आलं, की मी गेलो की ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नसणार. बस, मग ते डोक्यातून जाईना. लिहायला बसलो तर चार ओळींत आटोपली, नुसता सांगाडा. मग म्हटलं, आपल्याला जे येतं त्यात करू.

ती खिळ्यांची फळी आठवते? तुम्ही डोंबिवलीला साइटवर गवंडी होतात तेव्हा स्लॅबच्या सेंटरिंगच्या प्लायचा तुकडा घेऊन आलेलात. त्यावर खिळे ठोकलेत, कडेला पट्ट्या मारल्यात, वरून गोटी सोडायची. मला वाटलेलं वाढदिवसाला सायकल येणार, आणि आली फळी. मी तोंड वाकडं करून बसलो, तर तुम्ही फळी मांडीवर घेऊन सुरूच केलंत. कोकणातल्या देवीची जत्रा आहे. गुरव नारळ फोडायला हात वर करतो आणि नारळ त्याच्या हातातून सुटतो. पायऱ्यांवरून टुणटुण खाली. गुरव मागे, पोरं मागे. नारळ म्हणतो, "मला फुटायचं नाही, पोहायचंय." वाटेत पोस्टमन सायकल आडवी घालतो, बैल शिंगं रोखतो, मास्तर छडी घेऊन उभे, नारळ सगळ्यांना हुलकावण्या देत समुद्राकडे निघालेला. प्रत्येक खिळ्याला एकेक माणूस. समुद्र जवळ आला की मी रडायला लागायचो. समुद्रात गेलेला नारळ परत येत नाही हे मला कळत होतं. मग आई जेवायला हाका मारत असली तरी तुम्ही वाटेत आणखी एक गाव घालायचात. तुमचं काम जिथे चालू असेल ते गाव. कोकणातला नारळ टिटवाळ्याच्या विटांच्या ढिगावर कसा चढला, कल्याणच्या भाजी मार्केटात कोबीच्या गाडीखाली कसा लपला, हे मी कधी विचारलं नाही. मला तो वाटेत असला की पुरे होतं.

मशीनवर ते सगळं आहे. गोळी म्हणजे नारळ, पात्यांखाली समुद्र. गुरव, बैल, मास्तर, टिटवाळ्याच्या विटा, कोबीची गाडी. चित्रं माझीच, त्यामुळे बैल जरा कुत्र्यासारखा दिसतो, चालवून घ्या. कॉइली भंगारातून आणल्या, रबरं घासून बसवली. बैलाला गोळी लागली की तो तिला अशी उडवतो की काच थरथरते. तुम्ही खूश झाला असतात.

आता ओळंब्याचं. या मशीनमध्ये एक लंबक ठेवावाच लागतो. गोळी निसटायला लागली की खेळणारा मशीनच हलवून तिला वाचवायला बघतो. तसं केलं की आतला लंबक भोवतीच्या कड्याला टेकतो, वीज वाहते आणि मशीन गप्प होतं. लबाडीला शिक्षा. हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण हा तर तुमचा कायदा. एका रविवारी तुम्ही मला साइटवर नेलेलंत. अर्धी चढलेली भिंत, तुम्ही वरून ओळंबा सोडलेला, आणि मी खालून त्याला टिचकी मारली. परत मारली. तुम्ही एरवी आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी सगळ्या बिगाऱ्यांसमोर ओरडलात, "हलवू नको! तो आपणहून थांबतो, तेव्हाच खरं सांगतो." मला इतकी लाज वाटली की वडापावसुद्धा खाल्ला नाही. फळी तिरकी करून गोटी वाचवायला गेलो की घरीही तेच, हलवू नको.

तर ओळंबा मी तुमच्याच दोरीने टांगला आणि मशीन गदागदा हलवून पाहिलं. काही होईना. दोरीतून वीज जात नाही, हे जन्मभर वायरिंग केलेल्या माणसाच्या लक्षात यायला अख्खी सकाळ गेली. घ्या! दोरी काढून तांब्याची तार लावली की झालं, पाच मिनिटांचं काम. पण त्या दोरीला तुम्ही मारलेल्या गाठी आहेत, सिमेंटने कडक झालेल्या. म्हटलं, बघू उद्या.

मधे खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. देवगडकडच्या, एकट्याच राहतात, दुपारची झोप मोडली म्हणून तावातावाने आलेल्या. घरात गिरणी टाकलीत का, असं विचारत आत आल्या आणि मशीन बघून काचेवर वाकल्या. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. तुमच्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने सांगितली, मधे थांबून पाणी प्यायलो. मग त्या खेळायला उभ्या राहिल्या. छान खेळत होत्या, बैल घेतला, कोबी घेतला, आणि गोळी खाली येताना सरळ दोन्ही हात बटणांवरून काढून पदराला पुसले. गोळी गेली. मी ओरडलोच, अहो, मारा ना!

"कशाला?" त्या म्हणाल्या. "त्याला समुद्रातच जायचं होतं ना? मग सारखं अडवायचं कशाला?"

तेवढ्यात मशीनचा हरल्याचा भोंगा वाजला. पोचला बिचारा आणि तुम्ही भोंगा काय वाजवता, घंटा तरी लावा, असं म्हणून त्या गेल्या. दोन दिवसांनी पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या. आता दाराला कुलूप आहे, मी कितीही आदळआपट केली तरी कोणी वर येत नाही.

काकू खेळून गेल्या त्या रात्री मला जेवण गेलं नाही, अण्णा. एवढं मशीन बांधलं आणि गोष्टीत मी कोण आहे हेच पाहिलं नव्हतं. मी गुरव, मी बैल, मी मास्तर. नारळ तुमचा आणि त्याला अडवणारा मी. तुम्ही एकदा म्हणालेलात, समुद्र येणारच रे, किती गावं घालू? मी म्हटलेलं, अजून एक. आणि तुम्ही घातलंत.

काकूंचं ऐकलं मी. भोंगा काढला. आईच्या देव्हाऱ्यातली घंटा बसवली, गोळी खाली गेली की लहानसा हातोडा तिच्यावर पडतो. आवाज चांगला येतो. मशीन पूर्ण झालं असं मी भंगारवाल्याला सांगून टाकलंय, दुसरं कोणी विचारत नाही. हे लिहिलेलं कुठे टाकणार, म्हणून मशीनच्या पोटातच ठेवीन, ओळंब्याशेजारी.

एक सांगायचं राहिलं. तार मी अजून लावलेली नाही. नारळ पात्यांमधून निसटायला लागला की मी दोन्ही हातांनी मशीन हलवतो. आत ओळंबा कड्यावर टणटण आपटतो, आणि मी खेळ सोडून कान देऊन उभा राहतो. कोणी ओरडत नाही.