ऋचाचं अळणी व्रत

१० जुलै १९९७, गुरुवार
शाळेत मुलांची वजनं घेणार! एकवीस तारखेला. डॉक्टर येणार, काटा येणार आणि सर प्रत्येकाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचणार. जेवताना ऋचा म्हणाली, "बाबा, मोठ्याने वाचू नका म्हणून सांगा ना त्यांना." सांगतो की! आमची ढब्बू पाचवीत गेली, तरी एवढ्यातेवढ्याला घाबरते.

१२ जुलै, शनिवार
पालकसभा. आमच्या सरकारांचं, म्हणजे रजनीचं, मत — "घेऊ देत की वजन. काही कमीजास्त असलं तर वेळीच कळेल." शेजारच्या कोकिलाबेन उसळल्या, "खाधेपीधे सुखी घरनी छोकरी छे, वजन तो होय ज ने!" पलीकडच्या उधना भागातल्या हिलालभाऊंचं वेगळंच दुखणं — "मना पोऱ्या काडीसारखा शे, त्याले काय तोलशात!"
मग मी उठलो. म्हटलं, "मुलं काय साड्यांच्या गाठी आहेत, तोलून पाठवायला?" काय हशा पिकला! प्रिन्सिपॉलसुद्धा हसले. चहा-नानखटाई हाणून ऐटीत घरी आलो.
ऋचा दारातच. "सांगितलंत?"
अरेच्चा, तेच राहिलं! म्हटलं, "सांगेन गं."

१६ जुलै, बुधवार
नवलच! कोकिलाबेनच्या मुलीबरोबर ऋचानेही मोळाकत धरलंय. चांगला नवरा मिळावा म्हणून इथल्या गुजराती मुली गोरमाची, म्हणजे गौरीची, पूजा करतात — टोपलीत गहू पेरायचे, पाच दिवस मीठ वर्ज्य, जेवण एकदाच. माझी आई खूश. "पोर धार्मिक निघाली, बापावर नाही गेली." मी रजनीला म्हटलं, आता गुजराती जावई शोधायला लागा. तिने लाटणं दाखवलं.

१८ जुलै
अळणी पोळी, दूध, बस्स. श्रीखंडाची वाटीसुद्धा परत केली — ढब्बूने!

२० जुलै, रविवार
उद्या सकाळी व्रत सुटणार. रजनी कांदेपोहे करणार आहे, मीठ चांगलं सढळ हाताने.

२१ जुलै, सोमवार
पोह्यांना हात लावेना. "शाळेतून आल्यावर खाईन." गणवेशाचा पट्टा एक भोक आत गेलाय.
चिडवलं, "कसा नवरा मागितलास गं गोरमाकडे? उंच की बुटका?"
मान खाली. हळूच म्हणाली, "नवरा नाही मागितला. आजच्या दिवस काटा बिघडू दे, म्हटलं."
रिक्षा बोलावलीय, तिच्याबरोबर शाळेत जातोय. सरांना सांगायचं राहिलंय.