गुरुवारचा गट आणि एक बटाटा

गुरुवार, ८ जानेवारी २०२६

गेलो एकदाचा! अरुणानं रिक्षात कोंबलंच. ‘अहो, डॉक्टर सांगत्यात, मेंदूचं दुखणं मनालाबी लागतंय. नुसतं जाऊन बसा की!’ शाहूपुरीत, दुसरा मजला, गोलात मांडलेल्या खुर्च्या. गटोपचार म्हणे. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता मीच बाकावर!

समुपदेशक प्रियदर्शनी मॅडम माझ्या लेकीएवढ्या. प्रत्येकानं ओळख करून द्यायची. पिराजी, रिक्षावाले: फिट येते म्हणून रिक्षा सुटली, आता घरात बसून भांडतात. झुंबरमावशी, गगनबावड्याच्या: अर्धांगाचा झटका येऊन गेला. सगळं समजतं, पण तोंडातून एकच शब्द निघतो — बटाटा! नाव? बटाटा. गाव? बटाटा.

मी म्हणालो, ‘अण्णासो. कंपवात. चार वर्षं झाली.’

आम्ही जैन. घरात बटाटा शिजत नाही, आणि तासभर तेच ऐकून आलो!

शुक्रवार, ९ जानेवारी

परत जाणार नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

गेलो. (अरुणा!)

डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा होता. पाच मिनिटांत कुठून तरी घरघर सुरू. पिराजींना फिट आली! मॅडम धावल्या — कुशीवर वळवा, घड्याळ बघा! पिराजींनी एक डोळा उघडला. ‘झोपू द्या की मॅडम. घरात पोरं झोपू देत न्हाईत.’ घोरत होते!

मग चिठ्ठी. भीती कशाची वाटते ते लिहायचं आणि दुसऱ्यानं ते वाचायचं. माझं अक्षर आता मुंगीएवढं. चिठ्ठी नेमकी मावशींकडे गेली. त्या उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि थेट भाषणच — ‘बटाटा बटाटा, बटाटा? बटाटाऽऽ!’ पोट धरून हसलो सगळे. सर्वांत जास्त मावशी.

काय लिहिलं होतं ते इथं लिहितो: माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हा थरथरता हात बघू नये. वर्षभर घराबाहेर पडलो नाही तो त्याच भीतीनं.

रविवार, १८ जानेवारी

ती चिठ्ठी मनातल्या मनात मावशींच्या सुरात वाचून बघितली. भीतीचं तोंड जरा वेंधळं दिसलं.

गुरुवार, २२ जानेवारी

आज मॅडमनी सगळ्यांना खाली चहाच्या गाड्यावर नेलं. लोकांत उभं राहायचं, एवढाच अभ्यास. माझा ग्लास लागला नाचायला. शेजारचा एक इसम मोठ्यांदा म्हणाला, ‘काय पावणं, सकाळीच टाकून आलाय व्हय?’

कान तापले. परत फिरणार, तेवढ्यात मावशी काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभ्या. ‘बटाटा!!’ शब्द तोच, पण आख्ख्या तालुक्याच्या शिव्या त्यात भरलेल्या! गडी अर्धा चहा टाकून पळाला. पिराजी म्हणतात, ‘मावशी, शेवटची शिवी परत सांगा, लिवून घेतो.’

मी दुसरा चहा घेतला. भर रस्त्यात. अर्धा पोटात, अर्धा शर्टावर. चालतंय!

गुरुवार, २९ जानेवारी

आज घरच्यांनाही बोलावलं होतं. मी चहाचा किस्सा हातवारे करून सांगितला. खोली दणाणली. मीच बोलत होतो, थांबेना!

मग मॅडमनी अरुणाला विचारलं, ‘आणि काकू, तुम्ही कशा आहात?’

तिनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, ‘चार वर्षांत हे कुणी इचारलंच न्हाय.’

त्या ‘कुणी’त मी होतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आजपासून घरच्यांचा वेगळा गट. अरुणा आत, मी बाहेर. बंद दारामागून तिचं हसणं ऐकू आलं. ते बंद झालं होतं, हेही मला माहीत नव्हतं.