राखणदाराला सांगायचं राहिलं

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! बदलीचं गाव म्हणून नाकं मुरडत निघालो होतो, पण जागा झकास आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. माझं दूध संकलन केंद्र हाकेच्या अंतरावर. बायकोनं भांडी लावली, लेकीनं ओट्यावरून उड्या मारल्या, मी पलंग कुठे ठेवायचा यावर सल्ले दिले. ते कुणी ऐकले नाहीत, म्हणजे घर नेहमीसारखं सुरू झालं.

संध्याकाळी घरमालकीणबाई आल्या. वेशीवर शेंदूर लावलेला दगड आहे, तो गावाचा राखणदार. नव्या माणसाला त्याच्यासमोर उभं करायचं, ओळखीच्या कुणीतरी डोक्यावर हात ठेवून ‘हा आमचा’ म्हणायचं. बायको आणि लेक लगेच निघाल्या. मी म्हटलं, माझ्यातर्फे त्याला बदलीचा हुकूम दाखवा. बाईंना हसू आलं नाही. परक्याला तो गावात टिकू देत नाही, एवढंच म्हणाल्या. मी पाय पसरून पडलो.

७ फेब्रुवारी

काम मार्गी लागलं. कॅन उघडा, ढवळा, नमुना काढा, यंत्रावर फॅट मोजा. पाणी घालणारा गवळी नजर चुकवतो, त्याला ओळखायला यंत्र लागत नाही. आज एकाला पकडला, तर तोच हसत सुटला. मंडळी गप्पिष्ट आहेत, फक्त विसरभोळी. काल ज्यानं माझी सगळी कुळकथा ऐकून घेतली, तोच आज विचारतो, नवीन आलात का? मग दुसऱ्यानं विचारलं. मग सगळ्यांनीच. नव्या माणसाची फिरकी घेत असतील.

११ फेब्रुवारी

लेकीनं मला काका म्हटलं. मी पोट धरून हसलो. बायकोही हसली, पण जरा उशिरा.

नंतर पोर मांडीवर येईना. पदराआडून बघत राहिली. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी

दुपारी जेवायला आलो तर दाराला आतून कडी. बायकोनं दार उघडलं, थबकली आणि ताट ओट्यावर आणून दिलं. आग्रह करकरून वाढलं, पण आत या म्हणाली नाही. मी आवाज चढवला, तशी ती दोन पावलं मागे सरकली. माझी बायको मला घाबरली.

आता कळतंय हे कुणाचं काम आहे. जगात जो तो पाट्या टाकतो, आणि इमानदार निघायचा तो नेमका हा एक! माझ्याच बायकापोरांची राखण करतोय. माझ्यापासून.

१५ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंचे पाय धरले. चला वेशीवर, ठेवा हात. त्यांनी पाय आखडून घेतले. मी तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासमोर खोटं कसं बोलू, म्हणाल्या. केंद्रावर माझ्या खुर्चीत तो पाणी घालणारा बसलाय. मला म्हणाला, कॅन आणला नाही का?

हात ठेवायला आता फक्त बायको उरली.

१६ फेब्रुवारी

खिडकीतून तिला सगळं सांगितलं. तिचं माहेर, लेकीचा जन्म, पाठीवरचा डाग — डागाचं बोलायला नको होतं. ती पांढरीफटक पडली. खिडकी लावता लावता हळूच म्हणाली, “भाऊ, आमच्या घरात पुरुषमाणूस नाही. असं येत जाऊ नका.”

भाऊ. मला भाऊ म्हणाली.

१७ फेब्रुवारी

दगडासमोर उभा आहे. स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून पाहिला — काही नाही. बस आली, गेली. निघून जाता आलं असतं, पण लेक इथे — काका तर काका, लांबून दिसेल तरी —

त्या येताहेत. दोघी. मागे घरमालकीणबाई. आठवलं असेल — देवा, आठवलं असेल —

नाही. माझ्याकडे बघतही नाहीत. लेकीला दगडासमोर उभं केलं. बायको तिला सांगतेय, घाबरू नकोस, घराभोवती कोण फिरतं ते राखणदाराला दाखव.

लेकीनं हात उचलला —

“हाच तो माणूस.”

दगड जागेवर आहे. पण त्याच्या मागून कुणीतरी उठतंय — उन्हात — सावली नाही — बायको लेकीला तिथेच उभं करून हात जोडतेय —

पोरीला हे दिसायला नको —

डोळे मीट बाळा, घट्ट मीट, मी तुझा