सातव्या भागाची जागा

मी, प्यो माल-सुन, वय ६९, धंदा जुन्या पुस्तकांचे दुकान, राहणार बुसान. गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र माझ्याच मर्जीने लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक भावाचा मुलगा इन-ग्यू याला. पुस्तकांना तो "रद्दी" म्हणतो, तेव्हा दुकानात त्याने पाऊल ठेवू नये.

२. बांधणीची दाभणे व सरसाचे भांडे ज्याला हवे त्याने न्यावे. मोठे दाभण बोथट आहे, आधीच सांगते.

३. दुकान, सर्व पुस्तकांसह, कु ओक-बुन हिला. खाली लिहिलेले कारण वाचून ती दुकान घेईल की तोंडावर थुंकेल, मला माहीत नाही. भीती ऑपरेशनची नाही, तिची आहे.

१९७९ साली बुटांच्या कारखान्यात मी तिच्या लाइनची मुकादम होते, वय तेवीस. वाचायची मीही, पण बढतीसाठी: कंपनीने दिलेली सुविचारांची पुस्तके, रोज दहा पाने, औषध घ्यावे तशी. वीस वर्षांच्या ओक-बुनने एक कादंबरी फाडून तिचे सात भाग केले होते. रोज एक भाग ॲप्रनमध्ये लपवून न्यायची आणि संडासात वाचायची. एक भाग ती तिथेच विसरली. पुरावा म्हणून मी तो उघडला आणि जेवणाची घंटासुद्धा मला ऐकू आली नाही. पाने मोजायचे त्या दिवशी पहिल्यांदा विसरले. मी साहेबांकडे गेले. तिची पेटी उघडली, पाच भाग सापडले, दुपारपर्यंत तिला काढून टाकले. मी नियमाला धरून वागले असे आयुष्यभर स्वतःला सांगितले. खोटे आहे. मला पुढचे भाग हवे होते.

नऊ वर्षांपूर्वी ती दुकानात आली. तेव्हापासून दर शनिवारी येते आणि म्हणते, "कारखान्यातली ती झाडूवालीच चुगलखोर गं, ताई!" मी चहा ओतते.

४. तेव्हा जप्त केलेले ते सहा भाग मी ठेवून घेतले आणि शिवून बांधले आहेत. सातव्याची जागा मोकळी ठेवली आहे. त्या कादंबरीची दुसरी प्रत दोनदा दुकानात आली, शेवट न वाचता विकली. तेवढी शिक्षा मी स्वतःला दिली. हे पुस्तक मी ओक-बुनला देत नाही, परत करते.

पुरवणी, त्याच दिवशी: तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून साक्षीदार म्हणून ओक-बुनलाच बोलावले. तिने उभ्यानेच वाचले.

"शेहेचाळीस वर्षं मी त्या बिचाऱ्या झाडूवालीला शिव्या दिल्या."

"बस तरी," मी म्हणाले. ती बसली नाही. दुसरे साक्षीदार म्हणून आलेले, समोरच्या सूप-भाताच्या दुकानाचे थाक यांना तिने विचारले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळतं?"

"नाही मिळत."

तिने पेन खाली ठेवले. "मग मी सही करत नाही. पुस्तक माझं आहे." दारात जाऊन वळली. "शेवटचा भाग आहे माझ्याकडे. आत्ता देणार नाही. गुरुवारी जगलीस तर बघू."

साक्षीदार:
थाक जे-मान
योम बोक-ही, थाक यांची पत्नी (कु ओक-बुन हिच्या जागी)

सही व शिक्का: प्यो माल-सुन
बुसान, मंगळवार, ११ मार्च २०२५